राहीबाईचा अंगठा

दिघाशीत येऊन नुसतं "राहीबाई कुठे राहतात?" विचारलंत तर लोक म्हणतील, कुठली राहीबाई? पण "पोरांच्या गाठी दाबणारी" असं म्हटलंत की शेंबडं पोरसुद्धा तुमचा हात धरून आमच्या दारात आणून सोडेल. त्या माझ्या सासूबाई. मी त्यांना आई म्हणते. लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात चपलांचा ढीग दिसला, रडारड ऐकू आली. वाटलं, घरात कुणी गेलं की काय! बाहेर येऊन बघते तर ओटीवर आई बसलेल्या, मांडीवर कुणाचं तरी पोर आडवं, आणि त्याच्या तोंडात त्यांचा उजवा अंगठा.

घसा सुजला, पडजीभ लोंबली, पोर जेवेना, की आणा राहीबाईकडे. अंगठ्याला हळद-मीठ लावायचं, तोंडात घालायचा आणि घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी जोर देऊन दाबायच्या. पोर किंचाळायचं, ओकायचं, कफ पडायचा. मग आई त्याच्या पाठीवर थाप मारून बोलायच्या, "झाला रे बाला, झाला. सांजचे भात खाशील." आणि बरीच पोरं खायचीही. दोन दिवसांनी ती तशीही खाल्ली असती, असं मी एकदा बोलले, तर भावेश, माझा नवरा, मला ओढत आत घेऊन गेला. "हळू बोल, आय ऐकेल!"

ही विद्या त्यांना त्यांच्या सासूनं दिलेली. देताना बजावलेलं, कुणाकडून काही घ्यायचं नाही, घेतलं की हाताचा गुण जातो. आईंनी कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. भिवंडीतून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करणाऱ्यांच्या बायका रिक्षा करून यायच्या, त्यांच्याशी आई हिंदीत बोलायच्या. "मुंडी पकडो, मुंडी! हलने को नको देव!" त्या बायकांना ते बरोबर समजायचं. जाताना त्या आईंच्या पाया पडायच्या. शेताचे तुकडे गेले, गोदामं आली, भाडं सुरू झालं, घरात टाइल्स बसल्या, तरी गावात आमच्या घराला मान होता तो त्या अंगठ्यामुळे.

मी भिवंडीला लागून असलेल्या टेमघरची. बी.कॉम. झालेली, एका गोदामात बिलिंगला आहे. मला हे प्रकरण पहिल्यापासून पसंत नव्हतं. खोटं कशाला बोलू, आई नखं बारीक कापायच्या, हात साबणानं धुवायच्या. पण अंगठा तो अंगठाच. माझा मुलगा भाविक झाला तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, याच्या तोंडात हा जाऊ द्यायचा नाही. ठरवून काय उपयोग? मी ड्युटीवर गेले की घरात राज्य त्यांचं. पहिलीत गेल्यापासून त्याचा घसा सारखा सुजायचा, ताप यायचा, आणि संध्याकाळी आल्यावर त्याचे सुजलेले डोळे बघून मला कळायचं, आज दाबलंय. शेवटी शेवटी तर आजीनं हळदीचा डबा काढला की तो पलंगाखाली घुसायचा.

मग तो घोरायला लागला. एवढंसं पोर आणि ट्रकसारखं घोरतंय! झोपेत मध्येच श्वास अडकायचा आणि दचकून उठायचा. भिवंडीतल्या कानाघशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि सरळ सांगितलं, टॉन्सिल काढायला हवेत.

घरी हे सांगितलं तर आईंनी हातातलं पाखडायचं सूप खाली ठेवलं. "आख्खे गावाच्या पोरांच्या गाठी मी बसवते, आनि माझेच नातवाचा गला डाक्टर कापनार? लोकांना तोंड कसा दाखवू मी?"

"तुमच्या तोंडासाठी माझ्या मुलाचा घसा पणाला लावू का?" मी बोलले. भावेश मध्ये पडला नसता तर आणखी बोलले असते. माझी जीभ अशीच आहे, सुटली की सुटली.

ऑपरेशन झालं, नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी मला आणि भावेशला आत बोलावलं. थंड द्या, पातळ द्या, घोट घोट पाणी पाजत राहा, गिळताना दुखलं तरी पाजा, कोरडा ठेवू नका. गरम, तिखट, कडक काही नाही. आणि मुद्दाम सांगितलं, "आता घशात पांढरट-पिवळे चट्टे दिसतील, तोंडाला घाण वास येईल. घाबरू नका, तो पू नाही. आतली खपली आहे. तिला अजिबात हात लावायचा नाही, वेळेआधी निघाली तर रक्त येतं."

आई बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मी बाहेर आल्याबरोबर उठल्या. "काय बोलला गो डाक्टर?"

"तुम्हाला नाही कळायचं," मी बोलले आणि रिक्षा बघायला निघाले. तोऱ्यात निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात माझं चाललं होतं, आणि ते मला त्यांना दाखवायचं होतं.

घरी आल्यावर माझी कसरत सुरू झाली. गार दूध, आइस्क्रीम, थंड करून पेज. एक चमचा घशाखाली जायला किती वेळ! पोर डोळे मिटून, माझा गाऊन मुठीत धरून गिळायचं आणि मग कानाला हात लावायचं. घसा कापलेला आणि दुखतो कान, काय असतं एकेक. बोलायचा नाही, सगळं हातवाऱ्यांनी. पाणी हवं तर अंगठा तोंडाकडे, नको तर पालथा हात. गच्चीवर आमचे तांदळाचे पापड वाळत होते. ते खाली आणले की हा डब्याकडे बोट करायचा आणि मी डोळे वटारायचे. पेज मात्र आई करायच्या, भात शिजवून, घोटून, मलमलच्या फडक्यातून गाळून. मला तेवढं बारीक जमलं नसतं. पण भरवायला त्या पुढे झाल्या की मी वाटी हातातून काढून घ्यायचे.

रजा संपत आली होती, त्यात गोदामात स्टॉक मोजायचा निघाला. अर्धा दिवस तरी ये म्हणून शेठचा फोन आला. निघताना मी आईंना बजावलं, गरम नाही, तिखट नाही, कडक नाही. पांढऱ्या चट्ट्यांचं काही सांगितलं नाही. त्यांनी त्याच्या घशात बघायचा प्रश्नच येत नाही, असं मी धरून चालले होते.

पुढचं मला नंतर कळलं, आईंच्याच तोंडून. मी गेल्यावर भाविकनं त्यांच्यासमोर जांभई दिली. त्यांना आत सगळं पांढरं दिसलं. तोंडाला वास तर होताच. जन्मभर घसे बघितलेल्या बाईला वाटायचं तेच वाटलं. पू झालाय, गळा सडला, डॉक्टरनं वाट लावली. त्यांच्या विद्येत पांढरं दिसलं की पुसून काढायचं, नाहीतर ते आत उतरतं. मला फोन करावा असं मनात आलं होतं. हातात फोन घेतलाही होता. पण मी काय उत्तर देईन ते त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी हात धुतले. मीठ झोंबेल म्हणून घेतलं नाही, अंगठ्याला मध लावला. पोर भिंतीला टेकून मागे सरकलं. "आ कर बाला, दाबनार न्हाय. देवाशपथ दाबनार न्हाय, नुसता मध चाटवते." आजीनं देवाची शपथ घेतली म्हणून त्यानं आ केला. त्यांनी एका बाजूनं पुसलं, मग दुसऱ्या. अंगठ्याला पांढरं लागून आलं आणि पाठोपाठ भळकन रक्त.

त्यांच्या किंकाळीनं शेजारच्या बायजाबाई धावत आल्या. पोरगं मोरीत वाकून रक्त थुंकत होतं. रिक्षा मिळाली, पोराला टॉवेलात गुंडाळून दोघी भिवंडीला निघाल्या. रिक्षात बायजाबाईंनी विचारलं, "झालं काय गो एकदम?"

आणि आईंच्या तोंडातून निघून गेलं, "पापड खाल्ला त्यानी." दवाखान्यात बायजाबाईंनी डॉक्टरांनाही तेच सांगितलं.

मी गोदामातून दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी रक्त थांबवलं होतं. भाविक टेबलावर पडलेला, पांढराफटक, गळ्यापर्यंत शर्ट लाल. डॉक्टर त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाले, "काय हिरो? पापड? सांगितलं होतं ना कडक नाही म्हणून?"

भाविकनं आजीकडे बघितलं. आजी फरशीकडे बघत होती. बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं हळूच मान हलवली. हो म्हणून.

मी काय केलं? आधी त्याला जवळ घेतलं आणि मग जी सुरुवात केली! लाज नाही वाटत? एवढे जिभेचे चोचले? मी इथे रजा घालवून मरतेय आणि तू चोरून पापड खातोस? नर्स म्हणाली, अहो जाऊ द्या, लहान आहे. मी ऐकलं नाही. त्याचा कानही पिरगळला. तोच कान, जो त्याला गिळताना दुखायचा.

रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी सोडलं. घरी आल्यावर खरा प्रकार सुरू झाला. त्यानं तोंड उघडायचंच बंद केलं. दूध नाही, पाणी नाही, औषध नाही. चमचा ओठाला लावला की दात गच्च. भावेशनं दुकानात होती नव्हती ती सगळी आइस्क्रीमं आणून ठेवली, मोबाइल हातात दिला, शेवटी सायकल कबूल केली. मी विनवण्या केल्या, दम दिला, त्याच्यासमोर रडले. पोर भिंतीकडे तोंड करून पडलेलं. आई खोलीत आल्या तर तोंडावर चादर ओढून घ्यायचं. मला वाटलं, ओरडले म्हणून रुसलाय. ओठ सुकून त्यांची सालं निघायला लागली.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला. ते चिडलेच. "पाणी पोटात गेलंच पाहिजे. घसा कोरडा पडला तर परत रक्त येईल. सकाळपर्यंत नाही प्यायला तर घेऊन या, ॲडमिट करून सलाइन लावू. पुन्हा सुरू झालं तर परत आत न्यावं लागेल, भूल देऊन." मी फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले.

आईंचं काय चाललं होतं ते दिसत होतं, पण मी बघत नव्हते. त्या जेवत नव्हत्या. उजवा हात पदराखाली धरून घरात फिरायच्या. कुणी पोराला घेऊन आलं तर दारातूनच, "माझा अंगठा दुखतंय, नको आज." मी स्वयंपाकघरात असताना एकदा चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. "दिपाली गो..."

"आता काय?" मी खेकसले.

"काय न्हाय," बोलल्या आणि परत गेल्या. मी बाटल्या धुत राहिले.

सकाळी मी दवाखान्याची पिशवी भरली. भावेश रिक्षा आणायला गेला. भाविकला उभं केलं तर तो डगमगत होता, त्याला ओटीच्या दाराशी टेकवून बसवलं. तेवढ्यात भिवंडीहून एक बाई आली, नवरा लूमवर कामाला, काखेत दोन-अडीच वर्षांची मुलगी. मुलगी तापानं फणफणलेली. बाई काकुळतीला आलेली. "अम्मा, तीन दिन से कुछ निगलती नहीं. बस आप एक बार हाथ लगा दो."

आई बोलल्या, "मेरा हाथ दुखता है. जाव."

ती हलेना. तिनं मुलीला सरळ आईंच्या पायाशी ठेवलं. आवाज ऐकून बायजाबाई आल्याच, त्यांच्यामागून आणखी दोघी-तिघी. बायजाबाईंना आईंचं मोठेपण सांगायला कुणीतरी हवंच असतं. "अरे लगाएगी हाथ, देवमाणूस हाय ती! उसका पोता देखो, डाक्टर ने मना किया तरी पापड खाया चोरून. कितना खून! ये बाई अकेली लेके भागी उसको, म्हणून वाचला." आणि दाराकडे बोट करून हसत हसत बोलल्या, "यो बघा आमचा पापडचोर!"

बाया हसल्या. भाविकनं मान गुडघ्यात घातली. मी हसले नाही, पण काही बोललेही नाही. माझ्याही लेखी तो चोरच होता.

"चोर न्हाय त्यो!"

आई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की ती तापातली मुलगीही रडायची थांबली. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरला होता, तो त्यांनी सावरला नाही.

"त्यानी पापड न्हाय खाल्ला. पापडाला हातबी न्हाय लावला माझे बालानी. मी अंगठा घातला त्याचे तोंडात. दाबनार न्हाय अशी देवाची शपथ घेतली आनि घातला. मना पू वाटला, मी पुसून काढला, आनि रगत आला. बायजा, तुना मी खोटा बोलली. डाक्टरसमोर पोरानी माझेकडे बघितला, तरी मी तोंड न्हाय उघडला. माझी लाज झाकाया पोराला चोर केला मी."

बायजाबाईंचं तोंड उघडं ते उघडंच. मग आई त्या लूमवाल्या बाईकडे वळल्या. "मेरे पास मत लाव बच्ची को. डाक्टर के पास लेके जाव, अब्भी जाव. मैंने मेरे नाती का खून निकाला. मेरे को कुछ नहीं समझता." त्या बाईला किती कळलं कोण जाणे. तिनं मुलीला उचललं आणि घाबरून मागे मागे सरकत निघाली.

मला काय झालं सांगू? आधी डोक्यात तिडीक गेली. ओरडायला तोंड उघडलं, "तुम्ही हात लावलातच कसा? पू नव्हता तो, खपली होती! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं..." आणि माझं वाक्य तिथंच अडकलं. सांगितलं होतं. कुणाला सांगितलं होतं? आई माझ्याकडे बघत होत्या. त्या एक शब्द उलट बोलल्या असत्या, "तू मला कुठे सांगितलंस?" एवढंच जरी म्हणाल्या असत्या, तरी मला भांडता आलं असतं. त्या नाही बोलल्या. "मना पू वाटला गो," एवढंच पुन्हा बोलल्या.

भाविकनं मान वर केली होती. तो आजीकडे बघत होता. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघत होता. मी धावत आत गेले, फ्रिजमधलं थंड दूध वाटीत घेतलं आणि त्याच्यापुढे येऊन बसले. चमचा भरला. "घे रे राजा. एकच."

ओठ थोडे हलले, पण उघडेनात. त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे होती. मी वळून बघितलं. आई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, वाकून, जवळ, आणि त्याची नजर त्यांच्या उजव्या हातावर होती.

आईंच्याही ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला सांगता येणार नाही, आणि मी ते बघायला नको होतं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. दोन्ही हात पाठीमागे नेले आणि शाळेत मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारख्या, सगळ्या गावासमोर, हात मागे बांधून मान खाली घालून उभ्या राहिल्या.

भाविकनं आ केला.

दूध आत गेलं. त्यानं डोळे मिटले, माझा गाऊन मुठीत धरला, गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. मी दुसरा चमचा पुढे केला, पण त्यानं तो हातानं बाजूला सारला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. घशातून आधी नुसती घरघर आली, मग फाटका, म्हाताऱ्यासारखा आवाज.

"मम्मी, मी पापड नव्हता खाल्ला."

"हो रे," मी बोलले.

त्यानं माझी हनुवटी धरून माझं तोंड वर केलं, मी त्याच्याकडे बघतेय की नाही ते बघितलं, आणि पुन्हा तेच बोलला.